दातातला किडा कुणी पाहिला?

आक्काची दाढ ठणकत होती. वरची, उजव्या बाजूची. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिने लवंग दाबून धरली. कापूर ठेवला. मशेरी तर दुप्पट लावली. घटकाभर बरे वाटे. मग पुन्हा ठणका सुरू.

चौथ्या दिवशी गावचा बाजार होता. बाजारात पिंपळाखाली एक माणूस बसला होता. पुढे पाण्याची थाळी. थाळीत मधोमध तापलेले खापर. हातात नळी. तो ओरडत होता, "दातातला किडा काढून देतो! डोळ्यांनी बघा, मगच पैसे द्या!"

आक्का त्याच्यापुढे बसली. त्याने खापरावर तेल सोडले, रिंगणीचे बी टाकले. त्याचा धूर नळीने आक्काच्या तोंडात सोडला. थोड्या वेळाने थाळीतल्या पाण्यात बारीक, पांढरे, वळलेले असे काहीतरी दिसू लागले.

"हे बघा, चार किडे पडले!" तो म्हणाला. आक्काने पैसे दिले. त्या रात्री दाढ जरा नरमली. आक्का झोपली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाल सुजून लिंबाएवढा झाला. अंगात कणकण आली. तोंड उघडेना.

आता सांगा, किडे तर निघाले होते. मग गाल का सुजला?

पुण्याला जायचे की नाही?

आक्काचा मुलगा पुण्याला हडपसरला नोकरीला आहे. त्याला निरोप गेला. सूनबाई दुपारच्या एसटीने आली. म्हणाली, "आत्याबाई, चला. पुण्याला डॉक्टरला दाखवू."

शेजारची जाऊबाई पुढे आली. "अगं, वरची दाढ हाय ती. वरची दाढ काढली की डोळा जातो. माझ्या मावशीचा गेला नव्हं का!"

आक्का घाबरली. "म्या न्हाई येत. दाढ गेली तर गेली, पर डोळा गेला तर कोण बघंल मला?"

सूनबाईने वाद घातला नाही. ती एवढेच म्हणाली, "काढायची का नाही ते मागनं ठरवू. दाखवायला काय जातंय?"

आक्का निघाली. गालाला फडके बांधून, कमरेला मशेरीची डबी खोचून.

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?

पुण्यात दंतवैद्यकाची महाविद्यालये आहेत. तेथे शिकणारे डॉक्टर आपल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली दात तपासतात. खर्च बेताचा येतो. पुणे स्टेशनाजवळचे ससून रुग्णालय तर १८६७ सालापासून गोरगरिबांच्या उपयोगी पडत आले आहे. तेथेही दातांवर उपचार होतात. सूनबाईने आक्काला घराजवळच्या एका दातांच्या दवाखान्यात नेले.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण बोलायला मायाळू होत्या. त्यांनी दाढ पाहिली. फोटो काढला. म्हणाल्या, "मावशी, दाढ आतून पोकळ झालीय. मुळाशी पू साचलाय. आज पू काढू, औषध देऊ. सूज उतरली की दाढ काढू."

"पर किडं तर निघालं होतं की!"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी नीट समजावून सांगितले.

"मावशी, आपण म्हणतो दाताला कीड लागली. म्हणून लोकांना वाटतं, आत अळी असते. पण अळी नसते. तुम्ही दह्याला विरजण लावता ना? विरजणातले जंतू डोळ्यांना दिसतात का?"

"न्हाई."

"पण दूध आंबट होतं की नाही? तसंच तोंडात होतं. आपण गोड खातो, पाव-बिस्किट खातो. त्याचा चिकटा दातांवर राहतो. तोंडातले जंतू तो चिकटा आंबवतात. आंबट झालं की दात झिजतो. घरात शहाबादी फरशी आहे?"

"हाय."

"तिच्यावर लिंबू सांडलं तर?"

"पांढरा डाग पडतो. जात न्हाई मग."

"बस्स. तसाच डाग दाताला पडतो. पुढे त्याचा खड्डा होतो. खड्डा खोल गेला की आतल्या शिरेला लागतो. मग ठणका सुरू. ती शीर मेली की ठणका थांबतो. माणसाला वाटतं, बरं झालं. पण आत पू होत राहतो. तुमचं हेच झालं."

वाचकहो, दातातल्या किड्याची समजूत फक्त आपलीच नाही. जगात पुष्कळ देशांत लोक असेच मानत. फ्रान्समधील पिअर फोशार नावाच्या दंतवैद्याने भिंगाखाली दात तपासले. त्याला किडा कोठे सापडला नाही. १७२८ साली त्याने आपल्या ग्रंथात तसे लिहिले. पुढे १८९० साली मिलर नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की तोंडातले जंतू गोड व पिठूळ अन्नापासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात झिजतो. आम्ल म्हणजे आंबट पदार्थ.

डोळा गेला का?

औषधाने सूज उतरली. चार दिवसांनी दाढ काढायची ठरली. आक्काचे हातपाय गार पडले.

"बाई, डोळा जाईल का हो?"

"नाही जाणार. दाताला जाणारी शीर वेगळी, नजरेची शीर वेगळी. दाढ काढल्याने नजर कमी होत नाही. उतारवयात दातही पडू लागतात आणि मोतीबिंदूही होतो. दोन्ही एका वेळी झालं, की लोक एकाचा दोष दुसऱ्याला देतात. उलट, वरच्या सडक्या दाताचा पू वर पसरला, तर डोळ्याभोवती सूज येऊ शकते. भीती दात काढण्याची नाही मावशी, सडका दात ठेवण्याची आहे."

सुई टोचली. जबडा बधिर झाला. दाढ निघाली तेव्हा आक्काला ओढल्यासारखे वाटले, दुखले नाही. कापसाचा बोळा दाबून ती बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी सूनबाईबरोबर ती बस थांब्यावर उभी होती. एक बस आली. आक्काने डावा डोळा हाताने झाकला. उजव्या डोळ्याने बसवरची पाटी वाचली, एकेक अक्षर लावत: "स्वा-र-गे-ट."

सूनबाई म्हणाली, "आत्याबाई, डोळा हाय की जागेवर!"

आक्का म्हणाली, "डोळा तर व्हताच गं. वाचायला मातर रात्रीच्या वर्गानं शिकवलं."

पांढरा चट्टा

पण गोष्ट येथे संपली नाही. दाढ पाहताना डॉक्टरीणबाईंना आणखी काही दिसले होते. खालच्या ओठाच्या आत, हिरडीजवळ, एक पांढरा चट्टा होता. बोटाने पुसला तरी जाईना.

"मावशी, मशेरी लावता?"

"लावते की. तीस वर्षं झाली. दात बळकट ऱ्हातात. अन् ती लावल्याबिगर सकाळी पोट साफ व्हत न्हाई."

"चट्टा किती दिवसांचा?"

"काय ठावं? दुखत न्हाई, मग बघतंय कोण?"

"दुखत नाही म्हणूनच बघायला हवं."

वाचकहो, मशेरी म्हणजे काय, हे आपणांस माहीत आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना चोळायची. पुष्कळजण म्हणतात, "आम्ही तंबाखू खात नाही, नुसती मशेरी लावतो." पण भाजली म्हणून तंबाखूची भाजी होत नाही! ती तंबाखूच राहते. तिच्यातले विष हिरडीतून अंगात जाते. तोंड जरा बधिर होते, म्हणून ठणका कमी वाटतो. तलफ भागते, म्हणून पोट साफ होते असे वाटते. दात मात्र बळकट होत नाहीत. हिरड्या खाली सरकतात, दातांची मुळे उघडी पडतात.

ही आपल्याच जिल्ह्याची गोष्ट आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत जाऊन लोकांची तोंडे तपासली. थोडीथोडकी नव्हे, १,०१,७६१ माणसांची! त्याचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे बायकांत मशेरीची सवय किती पसरली आहे, हे त्यातून जगाला कळले. तोंडातले पांढरे चट्टे आणि तोंडाचा कर्करोग यांचे तंबाखूशी नाते आहे, हे अशा तपासण्यांतून पुन्हा पुन्हा दिसले.

१९९२ साली भारत सरकारने दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली. पण घरच्या तव्यावर कायद्याचा पहारा कसा बसणार? तेथे आपणच पहारा ठेवायला हवा.

डॉक्टरीणबाईंनी चट्ट्याचा लहानसा तुकडा तपासणीसाठी काढायचे ठरवले. आक्का पुन्हा अडली. "सुई-सुरी लागली की रोग पसरतो म्हणत्यात."

"नाही मावशी. तुकडा तपासल्याने रोग पसरत नाही. तो आहे की नाही, एवढंच कळतं. वेळेवर कळलं तर उपाय असतो. लोक भीतीने उशिरा येतात. मग म्हणतात, सुरी लागली म्हणून वाढला."

तपासणीचा कागद यायला काही दिवस लागले. ते दिवस आक्काने कसे काढले, ते तिचे तिलाच ठाऊक. ती जेवायला बसे आणि घास हातात तसाच राही. मुलगा रोज कामावरून आला की आईजवळ बसे, काही बोलत नसे.

कागद आला. कर्करोग नव्हता.

आक्काने देवाला हात जोडले. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज नाही. उद्याचं वचन मी देत नाही. मशेरी सुटली पाहिजे. आणि दर तीन महिन्यांनी तोंड दाखवायला यायचं."

सवय कशी सुटली?

आक्काने डबी दवाखान्याबाहेरच्या कचऱ्याच्या पेटीत टाकली. तुम्हांला वाटेल, झाले! पण तीस वर्षांची सवय एका दिवसात जात नाही.

पहिल्या दिवशी डोके दुखले. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांवर ओरडली. तिसऱ्या दिवशी पोट साफ होईना. पाचव्या दिवशी तिने गुपचूप शेजारणीकडून चिमूटभर मशेरी आणली. सूनबाईने पाहिले, पण टोमणा मारला नाही. ती म्हणाली, "आज लावलीत. उद्या नका लावू."

सकाळी उठल्यावर आक्का कोमट पाणी पिऊ लागली. तलफ आली की बडीशेप चघळायची, नाहीतर दारात दोन फेऱ्या मारायची. तंबाखूच्या पाकिटावर एक क्रमांक छापलेला असतो: १८००-११-२३५६. तो सरकारचा आहे. त्यावर फोन करायला पैसे पडत नाहीत. सवय कशी सोडावी, ते तेथे सांगतात. मुलाने तो लावून दिला. दुसऱ्या महिन्यात आणखी एकदा हात डबीकडे गेला. त्यानंतर गेला नाही.

आठ महिने झाले. चट्टा पुसट झाला आहे, पण गेलेला नाही. आक्का तारीख चुकवत नाही. तंबाखू सोडली की असे चट्टे कमी होतात, हेही आपल्या देशात तपासून पाहिलेले आहे. केरळ आणि आंध्र प्रदेशातील खेड्यांत लोकांना सवय सोडायला मदत केली, तेव्हा तेथे नवे चट्टे कमी झाले.

रात्रीच्या वर्गात

आक्का गावी परतली. रात्रीच्या वर्गात सगळे तिच्याभोवती जमले. गुरुजी म्हणाले, "आज दातांचाच पाठ घेऊ. ज्याला जे ठाऊक आहे, ते त्याने बोलावे."

एकजण म्हणाला, "मी राखुंडीने दात घासतो. चकाचक निघतात."

गुरुजी म्हणाले, "राख, कोळसा, विटेची पूड हे सगळे खरखरीत. पितळेच्या तांब्याला ठीक आहे. दातावरचे कवच मात्र एकदा झिजले की परत येत नाही."

"मग कडुनिंबाची काडी?"

"ती चांगली. चरकसंहितेतही दोन वेळा दंतधावन करावे, हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असे सांगितले आहे. काडी चावून मऊ कुंचला करा. पण फ्लोराइडची पेस्ट आणि मऊ ब्रश असेल तर कीड जास्त टळते. डब्यावर 'फ्लोराइड' हा शब्द आहे का, ते पाहा. आता तुम्हांला वाचता येते!"

एक बाई म्हणाली, "ब्रश लावला की माझ्या हिरडीतनं रक्त येतं. म्हणून मी घासायचंच सोडलं."

"उलट केलेत, बाई. हिरडीच्या कडेला घाण साचते, म्हणून हिरडी सुजते आणि रक्त येते. हळू हाताने रोज घासा. दोन आठवड्यांत थांबले नाही, तर दाखवा. मधुमेह असेल तर लवकर दाखवा. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखरही आवरत नाही."

"डॉक्टर दात खरवडून साफ करतात. त्यानं दात हलायला लागतात म्हणे?"

"दातांवर दगडासारखा थर बसतो. तो काढला की मोकळी जागा दिसते, जिभेला वेगळे लागते. म्हणून दात हलल्यासारखे वाटतात. खरे तर त्या थरानेच हिरडी सोडलेली असते."

"लेकरांचे दुधाचे दात पडायचेच असतात. त्यांना कशाला घासायचं?"

"दुधाचे दात वीस. त्यांनी खालच्या पक्क्या दातांची जागा राखलेली असते. ते सडले तर लेकरू जेवत नाही, झोपत नाही आणि पुढचे दात वाकडे येतात. आणखी एक ध्यानात ठेवा. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यांत मागे एक दाढ येते. लोक तिला दुधाची समजतात. ती पक्की असते. ती गेली की दुसरी येत नाही."

"अन् पोटुशी बाई? म्हणतात, एका बाळामागं एक दात जातो."

"बाळ आईचा दात नेत नाही. त्या दिवसांत हिरड्या सुजतात, उलट्यांनी तोंड आंबट होते आणि घासायचा कंटाळा येतो. तेवढे सांभाळा. दात दुखला तर डॉक्टरला आधी सांगा की दिवस गेले आहेत. उपचार करता येतात."

मग गुरुजींनी एक थाळी घेतली. तिच्यात पाणी ओतले. मधोमध तापलेले खापर ठेवले. त्यावर तेलाचे दोन थेंब आणि चिमूटभर रिंगणीचे बी टाकले. सगळे वाकून पाहू लागले. बी तडतडले. थोड्या वेळाने पाण्यात बारीक, पांढरे, वळलेले काही पडले.

"किडं!" कोणीतरी ओरडले.

गुरुजी म्हणाले, "येथे कोणाचा दात आहे? कोणाचे तोंड आहे? हे किडे आले कोठून?"

सगळे गप्प झाले.

आक्का उठली. तिने एक 'किडा' बोटावर घेतला, दिव्याजवळ नेला. "किडा न्हाई हा. ह्यो तर बियातला कोंब! मुगाला येतो तसा."

जाऊबाई मागे बसली होती. ती हळूच म्हणाली, "आक्के, उद्या तू पुण्याला जाशील तवा मलाबी ने. माझ्याबी ओठात काहीतरी पांढरं हाय."

हे लक्षात ठेवा

१. दातात किडा नसतो. गोड चिकटा आंबतो, म्हणून दात झिजतो. गुळानेही झिजतो.

२. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी दात घासा. रात्रीचे घासणे चुकवू नका.

३. मशेरी ही तंबाखूच आहे.

४. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा अथवा फोड दोन आठवड्यांत गेला नाही, तर दाखवा. दुखत नसला तरी दाखवा.

५. दुखऱ्या दाताजवळ गोळी किंवा कापूर दाबून ठेवू नका. गाल भाजतो. सुजलेला गाल शेकू नका.

६. जबड्याखाली सूज आली, गिळता येईना, श्वास जड झाला, तर त्याच घटकेला रुग्णालयात जा.

७. बाजारात बसून दात काढणाऱ्याकडे जाऊ नका. न उकळलेल्या हत्यारातून कावीळ आणि एड्सचे जंतू दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकतात.

प्रश्न

१. आक्काचा ठणका थांबला, तरी गाल का सुजला?

२. बस थांब्यावर आक्काने डावा डोळा का झाकला?

३. तुमच्या घरात मशेरी कोण लावते? त्यांना या पाठातले काय वाचून दाखवाल?

करून पाहा

आज रात्री उजेडात आरसा घ्या. ओठ उलटून पाहा, गाल आतून पाहा, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा पाहा. मग घरातल्या माणसांचे तोंड पाहा. घरातल्या दंतमंजनाच्या डब्यावर काय लिहिले आहे, ते मोठ्याने वाचा.